झाडू हातात, अभ्यास कधी?

प्रश्न : आम्ही नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला नवे आहोत. साडेचार वर्षांच्या मुलीच्या छोट्या शाळेत मुलेच वर्ग झाडतात, सभा घेतात. अभ्यासाचे काय?

उत्तर : झाडणे हाही अभ्यासच. तुमच्या शेजारच्या बिल्टहोवनमध्ये शिक्षणतज्ज्ञ केस बूके यांनी १९२६ मध्ये अशीच शाळा काढली. तिथे विद्यार्थ्यांना ‘कामकरी’ म्हणत आणि शिक्षकांना ‘सहकारी’. साफसफाई सगळ्यांची. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने. मला हे फार मोलाचे वाटते, कारण गप्प बसणाऱ्या मुलालाही त्यात विचारावेच लागते. पुढे देशाच्या राणी झालेल्या बेआट्रिक्सही तिथे शिकल्या.

वाचन-लेखनाचे रीतसर धडे नेदरलँड्समधल्या शाळांत साधारण सहाव्या वर्षी, तिसऱ्या गटात (म्हणजे इयत्तेत) सुरू होतात. तोवर पाटी-पेन्सिलीची घाई नको. घरी तिच्याशी मराठीत भरपूर बोला.