हिरॉडोटसच्या आधी होमर

चि. छोटी,

तुझा निबंध वाचला. महाकाव्य मागे पडलं आणि इतिहास सुरू झाला, हे तुझं म्हणणं परीक्षकांना आवडेलही. मला पटलं नाही. हिरॉडोटस हातात घेण्याआधी इलियड वाच. निदान दुसरा आणि सतरावा सर्ग तरी.

दुसऱ्यात ट्रॉयवर चालून आलेल्या जहाजांची लांबलचक यादी आहे. बहुतेक जण ती गाळतात, तू गाळू नकोस. मग हिरॉडोटसच्या सातव्या भागात पर्शियाचा राजा झर्क्सीझच्या फौजेची मोजदाद बघ : कुठल्या मुलखाचे, अंगात काय, हातात काय. साचा तोच. सतराव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या प्रेतासाठी झोंबाझोंबी चालते. इ.स.पू. 480 मध्ये थर्मोपिलीला स्पार्टाचा राजा लिओनिडस पडतो, तेव्हाही ग्रीक शत्रूला चारदा मागे रेटून त्याचं शव खेचून आणतात. हे असंच घडलं, की होमर मुखोद्गत असणाऱ्यांनी ते असंच सांगितलं? प्रश्न समासात लिहून ठेव, उत्तराची घाई नको.

ग्रीकांच्या आणि परक्यांच्याही थोर कृत्यांची कीर्ती राहावी म्हणून आपण लिहितो, असं हिरॉडोटस सुरुवातीलाच सांगतो. कीर्ती राखणं हे तर कवीचं काम! आणि ते ‘परक्यांच्याही’ कुठून आलं? शत्रूच्या हेक्टरसाठी गहिवरणाऱ्या होमरकडूनच, असं मला वाटतं.

म्हणून तो होमरची री ओढतो असं मात्र नाही. हेलन ट्रॉयमध्ये नव्हतीच, इजिप्तमध्ये होती, हे तिथल्या पुजाऱ्यांचं म्हणणं तो उचलून धरतो. एका बाईपायी पोटची पोरं मारून घेण्याइतका ट्रॉयचा राजा प्रायम खुळा नव्हता, हा त्याचा तर्क. त्याच्यानंतरचा इतिहासकार थ्युसिडिडीस तर होमरची यादीच हिशेबाला घेतो. मोठ्या जहाजावर 120 माणसं, लहानावर 50. सरासरी काढली, तर साऱ्या ग्रीसच्या मानाने फौज फार मोठी नव्हती. कारण? पैशाची चणचण.

पण हाच हिशेबी माणूस पात्रांच्या तोंडी भाषणं घालतो, अगदी होमरसारखी. मूळ आशयाला शक्य तितकं धरून, प्रसंगाला साजेल असं बोलायला लावलं, हे तो स्वतःच सांगतो. तेव्हा पेरिक्लीसची म्हणून तू दिलेली वाक्यं ‘थ्युसिडिडीसच्या पेरिक्लीसची’ म्हणून दे, आणि निबंध पुन्हा पाठव.

माझी इलियडची प्रत रवाना करतोय. समासातल्या माझ्या शेऱ्यांकडे दुर्लक्ष कर. तेव्हा मीही तुझ्याच वयाचा होतो.

तुझा,
मामा