मक्याच्या दाण्यांतील तेल : बियाणें निवडण्याचा एक धडा

मक्याचा दाणा उभा चिरून पाहिला असतां त्यांत दोन भाग स्पष्ट दिसतात. मोठा भाग पिठाचा, व टोंकाकडे असतो तो लहानसा अंकुर. दाण्यांतील बहुतेक तेल या अंकुरांत असतें.

हें तेल निवडीनें वाढवितां येईल काय, हें पाहण्यासाठीं अमेरिकेंतील इलिनॉय विद्यापीठांत सिरिल हॉपकिन्स यांनीं १८९६ सालीं एक प्रयोग आरंभिला. एकाच जातीचीं १६३ कणसें घेऊन त्यांनीं प्रत्येकांतील कांहीं दाण्यांची रासायनिक परीक्षा केली. तेल सरासरीनें सुमारें ४.७ टक्के भरलें. ज्या कणसांत तें अधिक त्यांचें बीं एकीकडे पेरिलें, ज्यांत कमी त्यांचें दुसरीकडे; आणि दर पिढीस हीच निवड पुन्हां केली. त्यांच्या मागें इतरांनीं हें काम चालविलें. शंभर पिढ्यांनंतर एका वाणांत तेल २० टक्क्यांच्या वर गेलें. दुसऱ्यांत तें इतकें उतरलें कीं बीं नीट उगवेनासें झालें, व तो वाण सोडून द्यावा लागला.

परंतु वाचकांनीं येथें घाई करूं नये. अंकुर वाढला तसा पिठाचा भाग घटला, दाणा लहान झाला व उत्पन्न उतरलें. तेल बनविण्यास रोपाला पिठापेक्षां अधिक शक्ति वेंचावी लागते. असें समजा कीं, एका शेतांत २० क्विंटल मका झाला व त्यांत तेल ५ टक्के आहे. तर एकंदर तेल १ क्विंटल. दुसऱ्या शेतांत तेल ८ टक्के, पण मका १२ क्विंटलच. तर तेल १ क्विंटलाहूनही कमी. म्हणून टक्केवारी व उत्पन्न हीं दोन्ही एकत्र मोजलीं पाहिजेत.

आपल्या घरीं रासायनिक परीक्षा होणार नाहीं. तरी निवड आपल्या हातीं आहे. ज्यांचा मका गांवठी वाणाचा आहे, त्यांनीं घरांतील ढिगांतून मोठें कणीस न उचलतां, उभ्या पिकांतच निरोगी ताटें हेरून ठेवावीं. मक्याचा पराग वाऱ्यानें उडतो. म्हणून बीं शेताच्या मध्यभागांतून व पुष्कळ ताटांवरून घ्यावें. दोनचार कणसांवरच बीं धरल्यास वाण दुबळा होत जातो. संकरित मक्याचें बीं मात्र घरीं धरूं नये. पुढील पीक एकसारखें येत नाहीं व उतरतें.

विचारावयाचे प्रश्न : (१) दाण्यांतील तेल मुख्यतः कोठें असतें? (२) तेलाची टक्केवारी वाढूनही शेतकऱ्याचें नुकसान कसें होतें? (३) बीं पुष्कळ ताटांवरून कां घ्यावें?