ई-रिक्षाला मोटर केवढी, बॅटरी केवढी?

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती रस्त्यावर वाडी हे गाव आहे. समजा, तेथील एका चालकाला साठवलेल्या पैशांतून ई-रिक्षा घ्यावयाची आहे. दुकानदार म्हणतो, "मोठी बॅटरी घ्या, म्हणजे चढावर गाडी अडणार नाही." हा सल्ला ऐकावा का? चला, गणित करून पाहू. गोल्फच्या मैदानावर फिरणाऱ्या विजेच्या गाडीलाही हेच गणित लागू पडते.

प्रथम सपाट रस्ता घेऊ. गाडी, चालक व चार प्रवासी मिळून 600 किलोग्रॅम वस्तुमान माना. म्हणजे वजन झाले 600 × 9.8 = 5880 न्यूटन. चाकांना रस्त्याचा होणारा विरोध वजनाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे सुमारे 120 न्यूटन धरू. हवेचा विरोध या वेगाला थोडाच असतो. तो सोडून देऊ. वेग ताशी 18 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. बल गुणिले वेग म्हणजे शक्ती. म्हणून चाकांना 120 × 5 = 600 वॅट शक्ती हवी.

आता चढ आला. 20 मीटर पुढे गेल्यावर गाडी 1 मीटर वर चढते. येथे वजनाचा विसावा भाग, म्हणजे 294 न्यूटन, गाडीला मागे ओढतो. एकूण बल 414 न्यूटन आणि शक्ती 2070 वॅट. जवळजवळ साडेतीन पट! वेग निम्मा केला तर शक्ती निम्मी पुरते; पण बल मात्र तेवढेच लागते. मोटरला ते देता आले नाही, तर ती तापते आणि अखेर जळते.

माथेरानला इतर मोटारगाड्यांना बंदी आहे. तेथे डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. वाडीच्या सपाट रस्त्यावर मजेत धावणारी मोटर अशा डोंगरी वाटेवर दमेल, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल.

मग बॅटरीचे काम काय? 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकसरीत जोडल्या की 48 व्होल्ट मिळतात. प्रत्येक बॅटरी 100 अँपिअर-तासांची असेल, तर ऊर्जा 48 × 100 = 4800 वॅट-तास. परंतु शिशाची बॅटरी वारंवार पूर्ण रिकामी केली तर लवकर निकामी होते. म्हणून निम्मीच, 2400 वॅट-तास वापरू. मोटर व दातेरी चाके यांत पाव हिस्सा ऊर्जा वाया जाते असे धरले, तर 600 वॅटसाठी बॅटरीतून 800 वॅट घ्यावे लागतात. 2400 ÷ 800 = 3 तास; म्हणजे 54 किलोमीटर. थांबत-थांबत जाताना याहूनही कमी.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. अशा उष्णतेत बॅटरीच्या पट्ट्या लवकर झिजतात आणि पाणी उडून जाते. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी वेळेवर घालावे लागते. लिथियमची बॅटरी हलकी असते व तिच्यातील अधिक ऊर्जा वापरता येते. पण ती महाग पडते.

तेव्हा दुकानदाराचा सल्ला अपुरा आहे. मोटर चढ पाहून निवडावी आणि बॅटरी अंतर पाहून. लहान मोटरला मोठी बॅटरी जोडली, तर चढावर वजनच वाढेल!

करून पहा : दर 10 मीटरला 1 मीटर चढ असेल, तर हीच गाडी ताशी 9 किलोमीटर वेगाने चढवण्यास किती शक्ती लागेल? 1770 वॅटच्या आसपास उत्तर आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.