पेन ड्राइव्हवरील बूटलोडर व हॅकिंटॉश

संगणकाची कळ दाबली म्हणजे थोड्याच वेळांत पडदा उजळतो. मधल्या काळांत काय घडतें, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. तो क्रम समजून घेण्यास हॅकिंटॉश हें उदाहरण उपयोगी आहे.

अॅपल कंपनीची मॅकओएस ही कार्यप्रणाली दुसऱ्या कोणी बनविलेल्या पीसीवर चालविली, तर त्या संगणकास हॅकिंटॉश म्हणतात. सन २००६ च्या जानेवारींत अॅपलनें इंटेलच्या प्रोसेसरवर चालणारे पहिले मॅक बाहेर काढले. तेव्हांपासून मॅक व साधा पीसी यांचा प्रोसेसर एकाच जातीचा झाला आणि हा उद्योग शक्य झाला.

कळ दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील चिपमध्यें साठविलेलें फर्मवेअर जागें होतें. आजच्या पीसींत त्यास यूईएफआय म्हणतात. तें स्मृति, कळफलक, डिस्क यांची तपासणी करून बूटलोडर नांवाचा लहानसा प्रोग्राम शोधतें. पेन ड्राइव्हच्या बाबतींत नियम ठरलेला आहे : फॅट३२ पद्धतीच्या विभागांत ईएफआय नांवाचें फोल्डर, त्याच्या पोटांत बूट नांवाचें फोल्डर, व त्यांत बूटएक्स६४ ही फाइल. पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची निवड केली, की फर्मवेअर हीच फाइल चालवितें. पुढें बूटलोडर कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, स्मृतींत आणून त्याच्या स्वाधीन कारभार करितो.

साध्या पीसीवर मात्र मॅकओएसला आपलें घर ओळखीचें वाटत नाहीं. इंटेलच्या मॅकमध्यें पंखे, वीज व उष्णता यांवर देखरेख करणारी एसएमसी ही चिप असे. पीसींत ती नसते. सन २०१९ मध्यें प्रसिद्ध झालेला ओपनकोअर हा बूटलोडर ही उणीव भरून काढतो. मदरबोर्डची माहिती देणारीं कोष्टकें तो मॅकओएसला समजतील अशीं करून देतो, व कर्नलबरोबर कांहीं जोड-प्रोग्राम स्मृतींत घालतो. त्यांपैकीं व्हर्च्युअलएसएमसी हा त्या चिपची जागा घेतो. काय घालावयाचें, हें कॉन्फिग डॉट पीलिस्ट या फाइलींत लिहिलेलें असतें.

या फाइलींत एक शब्द चुकला तरी संगणक वाटेंतच थांबतो. म्हणूनच बूटलोडर आरंभीं पेन ड्राइव्हवर ठेवितात. तो काढून घेतला म्हणजे संगणक आंतील डिस्कवरील आपल्या पूर्वींच्या प्रणालीनें सुरू होतो. मग चूक सुधारून पुन्हां प्रयत्न करतां येतो. दोन गोष्टींची मात्र सावधगिरी ठेवावी. पेन ड्राइव्ह हरवला तर मॅकओएस सुरू होणार नाहीं, म्हणून त्याची दुसरी प्रत असावी. तसेंच, फॉर्मॅट करतांना चुकीची डिस्क निवडली तर घरांतील छायाचित्रें व हिशेब एका क्षणांत पुसले जातात. यासाठीं महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधीं अन्यत्र काढून ठेवावी.

विद्यार्थिमित्रहो, जें करतां येतें तें सर्व करण्यास आपण मोकळे असतों, असें नाहीं. मॅकओएस अॅपलच्याच संगणकांवर वापरावी, अशी तिच्या परवान्याची अट आहे. अमेरिकेंतील सायस्टार कंपनीनें सन २००८ मध्यें मॅकओएस घातलेले पीसी विकावयास काढले. अॅपलनें फिर्याद केली. सन २००९ मध्यें निकाल सायस्टारविरुद्ध लागला आणि सन २०११ मध्यें अपिलांतही तो कायम झाला. आपला संगणक, आपला पेन ड्राइव्ह, हें खरें. परंतु त्यांवर चालणारी प्रणाली दुसऱ्याच्या श्रमाचें फळ आहे, आणि ती आपण त्याच्या अटीवर घेतलेली असते.

मग हें ज्ञान व्यर्थ काय? मुळींच नाहीं. लिनक्स ही प्रणाली सर्वांस मोकळी आहे. ती पेन ड्राइव्हवर घालून सुरू केली असतां फर्मवेअर, बूटलोडर व कर्नल हा सारा क्रम निर्दोष मार्गानें शिकतां येतो. अॅपलनें ज्यांस नवी मॅकओएस देणें बंद केलें अशा जुन्या खऱ्या मॅकवरही ओपनकोअर लेगसी पॅचरच्या साहाय्यानें नवी आवृत्ति चालवितां येते.

सन २०२० पासून अॅपलनें स्वतःचे प्रोसेसर वापरण्यास आरंभ केला, आणि टाहो ही इंटेल मॅकसाठीं शेवटची आवृत्ति असल्याचें सन २०२५ मध्यें जाहीर केलें. हॅकिंटॉशचें युग त्यामुळें संपत आलें आहे. पालकांनीं मुलांची जिज्ञासा दडपूं नये. घरांतील एखादा जुना, रिकामा संगणक त्यांच्या स्वाधीन करावा, आणि परवाना वाचण्याची संवय त्यांस त्याच वेळीं लावावी.