पणजीचं नाव पणतीला

प्रश्न : आमची मुलगी दोन महिन्यांची आहे, बारसं पुढच्या महिन्यात. माझ्या आजीचं ‘यमुना’ हे नाव ठेवायचं आम्ही दोघांनी ठरवलंय. सासूबाई म्हणतात, फार जुनाट आहे, शाळेत चिडवतील. शिवाय पत्रिकेत ‘भ’ आलाय. नणंद वेगळीच यादी घेऊन बसलीय. काय करू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी ‘भ’चं बघू. ते नावरस नाव. ते आणि व्यवहारातलं नाव वेगळं असणं आपल्याकडे जुनंच आहे. ‘भ’वरून एक नाव आत्याला बाळाच्या कानात सांगू द्या, नणंदबाईंचा मानही राहील. दाखल्यावर ‘यमुना’च घाला.

चिडवायला मुलांना कुठलंही नाव चालतं. आणि जानकी, मीरा, रमा पुन्हा पाळण्यात आल्याच की! यमुनेची गोष्ट तर थोडी बोचरी आहे. डॉ. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे, दोघींचंही माहेरचं नाव यमुनाच. लग्नात पुसलं गेलं.

तुमच्या आईला मात्र विचारा. स्वतःच्या आईचं नाव घेऊन नातीवर ओरडणं काहींना जड जातं. ‘यमू’ अशी हाक ठेवली की भागतं.

घाईही नको. जन्मनोंदणी झाली असली, तरी तिथून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे विलंब शुल्क पडतं. एकदा घातलेलं बदलणं मात्र कटकटीचं, तेव्हा इंग्रजी स्पेलिंग दोघांनी कागदावर लिहून पाहा, मगच अर्ज द्या.