सर्वो गुणगुणत होता

गाडी टेबलावर ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की आतून बारीक आवाज यायचा, डबीत अडकलेल्या माशीसारखा. चाकं वळवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्वो, नवीन आहे, रुळेल हळूहळू, म्हणून मी सोडून दिलं. तेव्हाच कान दिला असता तर मेढ्याच्या ओढ्यात सगळ्यांदेखत माझी गाडी उताणी पडली नसती.

मी पेणचा. गणपतीच्या कारखान्यात रंगकाम आणि आखणी करतो. मूर्तीचे डोळे आखणाऱ्याचा हात स्थिर असतो, तेव्हा रिमोटचा ट्रिगर आपल्याला जमणारच, असा माझा हिशेब. तो फारसा चुकला नाही. चुकली ती खरेदी. रॉक क्रॉलर ही खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, दगडांवरून मुंगीच्या पावलांनी चढणारी रिमोटची गाडी. स्पर्धेत दोन काठ्या रोवून गेट करतात. काठीला धक्का लागला, गाडी रिव्हर्स घेतली, उलटली, की दंडाचे गुण चढतात आणि शेवटी ज्याचे गुण कमी तो जिंकतो. वेगाचा यात काही संबंधच नाही. पण सीझनचा हिशेब होऊन पैसे हातात आले आणि मी सगळ्यात आधी काय घेतलं, तर मोटर.

मग अ‍ॅक्सल. बाजारात दोन जाती. साधा सरळ अ‍ॅक्सल, ज्यात क्राउन-पिनियन या गिअरच्या जोडीमधून निघालेला दांडा थेट चाकाला भिडतो. दुसरा पोर्टल. त्यात चाकाजवळ आणखी एक गिअरची जोडी असते, त्यामुळे अ‍ॅक्सलची नळी चाकाच्या मध्यबिंदूच्या वर उचलली जाते आणि पोटाखालून दगड जायला सेंटिमीटरभर जास्त जागा मिळते. शिवाय ताकद अगदी चाकापाशी वाढते, म्हणून आतल्या दांड्यांवर ताण कमी येतो आणि ट्रिगर दाबल्यावर गाडी एका अंगावर कलण्याची खोडही कमी होते. ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ मध्ये आणि अ‍ॅक्सियलच्या कॅप्रामध्ये पोर्टल कंपनीतूनच येतात. मी घेतले ते यांच्यापैकी कोणाचे नव्हते. ‘फुल मेटल’ लिहिलेला, फोटोत झगमगणारा, निम्म्या किमतीचा जोड घेतला.

तो मेटल होता, यात खोटं काही नव्हतं. पण झिंकचं ओतीव मेटल. पहिल्याच आठवड्यात पुढच्या नकलमधला, म्हणजे चाक वळवणाऱ्या सांध्यातला, स्क्रूचा आटा गेला. धाटावला लेथ चालवणारे एक काका आहेत, त्यांनी तो तुकडा नखाने खरवडला आणि म्हणाले, “बाबा रे, याच्यापेक्षा प्लास्टिक परवडलं. ते वाकतं तरी, हे मोडतं.” खरं आहे. चांगल्या नायलॉनच्या हाउसिंगमध्ये पोलादी क्राउन-पिनियन असेल तर ते या झगमगाटापेक्षा दुप्पट टिकतं. अ‍ॅक्सल घेताना बाहेरून काय दिसतं ते सोडा. आतले दात पोलादी आहेत का, बेअरिंगचं माप साधं, कुठेही मिळणारं आहे का, आणि एक नकल तुटली तर एकटी नकल मिळते की अख्खा जोड घ्यावा लागतो, एवढं विचारा. माझी एकटी मिळत नव्हती.

एक मोह मात्र वेळेवर टळला. पैसे कमी पडत होते, म्हणून पोर्टल फक्त पुढे लावावा आणि मागे जुना सरळ ठेवावा असं मनात आलं होतं. तसं केलं असतं तर पोर्टलच्या जादा गिअरमुळे पुढची चाकं एका गतीने आणि मागची दुसऱ्याच गतीने फिरली असती. पुढची चाकं थोडी जास्त फिरावीत म्हणून काही जण मुद्दाम फरक ठेवतात, पण तो मोजून. अ‍ॅक्सियलच्या एआर-६० अ‍ॅक्सलमध्ये मूळ क्राउन-पिनियन ३८ आणि १३ दातांचे असतात, पुढे ३६ आणि १४ चे घातले की गुणोत्तर २.९२ वरून २.५७ वर येतं. म्हणजे पुढची चाकं १४ टक्क्यांच्या आसपास जास्त फिरतात, गाडी स्वतःला ओढत नेते आणि कमी जागेत वळते. यापलीकडचा फरक दगडावर मदत करत नाही, फक्त दात झिजवतो.

आता सर्वो. पाकिटावर ‘३५ किलो’ लिहिलेलं. सर्वोचे किलो म्हणजे मध्यापासून एक सेंटिमीटरवर तो किती वजन पेलेल त्याचा आकडा. दांडी दोन सेंटिमीटरची लावली की ताकद निम्मी. आणि तो ३५चा आकडा ८.४ व्होल्टवरचा होता, हे बारीक अक्षरात. माझ्या स्पीड कंट्रोलरमधून, ज्याला सगळे ईएससी म्हणतात, सर्वोला मिळत होते ६ व्होल्ट आणि फार तर ३ अँपिअर. ही वीज पुरवणारा ईएससीमधला भाग म्हणजे बीईसी. मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं. त्यावर मी काकांकडून पितळी वजनं कातून घेऊन चारही चाकांपाशी बसवली. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड, आणि जड वजन खाली असलं की गाडी उलटत नाही, एवढं ऐकलेलं. जड झालेलं चाक दगडाच्या फटीत वळवायला सर्वोला किती जोर लागेल, हा विचारच केला नाही.

जानेवारीत रोह्याच्या मित्रमंडळींनी अवचितगडाच्या पायथ्याला, मेढ्याजवळच्या सुक्या ओढ्यात गेटं लावली. मी गाडी पिशवीत घालून दिवा-रोहा गाडीने गेलो. कासू, नागोठणे, निडी, प्रत्येक स्टेशनवर पिशवीत डोकावत. पहिली दोन गेटं बिनदंडाची गेली. तिसरं गेट एका काळ्या धोंड्याच्या माथ्यावर, खाली शेवाळ वाळून गुळगुळीत झालेलं. पुढचं डावं चाक फटीत बसलं, मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे दाबलं, ट्रिगर जरासा दिला. गाडी थरथरली आणि मेली. चाकं सैल पडली, ब्रेकसुद्धा सुटला. क्षणभराने दिवे पुन्हा लागले, तोवर ती मागे घसरत दोन कोलांट्या खाऊन ओढ्यात.

मला वाटलं मोटर जळली. माझा मेहुणा एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटचं काम करतो. त्याने मोटरकडे बघितलंही नाही. रिमोटचा इशारा घेणाऱ्या रिसीव्हरच्या मोकळ्या पिनांना मीटर लावला, पुढचं चाक हाताने घट्ट धरलं आणि म्हणाला, “भावोजी, आता वळवा.” मीटरवरचे ६ व्होल्ट झरझर खाली आले, चारच्याही खाली, आणि रिसीव्हर विझला. चाक सोडलं, पुन्हा जिवंत. अडलेला मोठा सर्वो पाच-सहा अँपिअर सहज ओढतो आणि माझा बीईसी तीनचा. सर्वोची भूक भागवताना रिसीव्हर उपाशी राहत होता. टेबलावरची ती गुणगुण याचीच होती. रिमोटमध्ये वळण्याची शेवटची मर्यादा लावलेली नव्हती, त्यामुळे नकल थांबली तरी सर्वो ढकलतच राहायचा. ती मर्यादा लावायला दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

औषध फार महाग नव्हतं. १० अँपिअरचा वेगळा बीईसी घेतला, तो थेट बॅटरीला जोडला, ७.४ व्होल्टवर लावला आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणारी लाल तार पिनेतून काढून टेप लावून ठेवली. लाल तार तशीच ठेवली तर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. काळी तार मात्र सगळ्यांची एकच राहिली पाहिजे. व्होल्ट वाढवण्याआधी सर्वो आणि रिसीव्हर दोघांनाही ते चालतात का, हे पाकिटावर बघा.

म्हणून कोणी विचारलं तर मी खरेदी उलट्या क्रमाने करायला सांगतो. आधी स्पर्धेचे नियम वाचा. टायर कुठल्या मापाचे, रुंदी किती चालते. माझे पोर्टल रुंदीत बसतात का, हे मी विकत घेतल्यावर मोजलं होतं. मग टायर, टायरला साजेसा अ‍ॅक्सल, तो वळवू शकेल असा सर्वो, सर्वोला पोसेल असा बीईसी, आणि मोटर सगळ्यात शेवटी. नवख्याला साधी ५४० मापाची ब्रश मोटर पुरते. ३५ किंवा ५५ टर्नची घ्या. टर्न जास्त तशी चाल संथ. हॉबीविंगचा १०८० सारखा क्रॉलरसाठीच केलेला ईएससी घेतला तर ट्रिगर सोडल्यावर गाडी उतारावर जागच्या जागी धरून ठेवणारा ब्रेक हवा तेवढा लावता येतो. हा ब्रेक नसलेला ईएससी फुकट मिळाला तरी नको. सेन्सरवाल्या ब्रशलेसमध्ये मजा आहे, मोटर आणि ईएससी एकाच डब्यात असलेले फ्युजनसारखे प्रकार जागाही वाचवतात, पण ते दुसऱ्या वर्षी. डिफरन्शियल पुढचं-मागचं दोन्ही लॉक हवं, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्रच फिरतं. पुण्याच्या फोर्सची गुरखा दोन्ही लॉक लावून जे करते, तेच इथे.

वजनाचा मामला पेणमध्येच सुटला. आमच्या गल्लीत पोह्याचे पापड विकणाऱ्या काकू आहेत, त्यांच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी पुढची दोन चाकं ठेवली, मागची तेवढ्याच उंचीच्या पापडाच्या डब्यावर. मग उलट. पुढे १७८० ग्रॅम, मागे १७००. जवळजवळ निम्मं-निम्मं. चढावर वजन आपोआप मागे सरकतं, त्यामुळे सपाटीवर साठ टक्के पुढे हवं. मागचं पितळ काढलं. मी हौसेने रंगवलेली जाड कडक बॉडी काढून पातळ लेक्सनची बसवली, जी आतून रंगवावी लागते, म्हणजे डोळ्यातलं बुबुळ आधी आणि पांढरं नंतर. आखणी करणाऱ्याला हे फार विचित्र वाटतं. बॅटरी पुढे आणली. आता पुढे १७८०, मागे ११४०. पुढचा भार तितकाच राहिला, गाडी मात्र अर्ध्या किलोहून हलकी झाली, आणि तो धोंडा ती मार्चमध्ये चढली. दुसऱ्या झटक्यात, पण चढली.

लायपो बॅटरीबद्दल एवढंच, की ईएससीवर बॅटरीचा प्रकार लायपो निवडलेला आहे का ते पहिल्या दिवशी बघा. नाहीतर प्रत्येक सेल तीन व्होल्टच्या खाली जाईपर्यंत गाडी चालत राहते आणि बॅटरी फुगते. पावसाळ्यात कारखान्यात मान वर करायला फुरसत नसते, तेव्हा सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून डब्यात ठेवतो. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल. आपल्याकडची दमट हवा एका जूनमध्ये बेअरिंग गंजवते.

मागच्या चाकांची ती दोन पितळी वजनं काकूंनी मागून घेतली. पापडांची थप्पी वाऱ्याने उडू नये म्हणून वर ठेवतात.