गोळ्या कोण आणतं, ते विचार

चि. सायलीस,


यवतमाळला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकार सामाजिक कार्यकर्ती म्हणून रुजू होते आहेस, हे दादानं कळवलं. अकरा महिन्यांचा करार आणि मागेपुढे होणारा पगार, याचा त्याला घोर लागलाय. घोर खरा आहे, पण त्यावर माझ्याकडे उपाय नाही. कामाबद्दल मात्र थोडं सांगते.

निदान डॉक्टर करतील, चाचण्या मानसशास्त्रज्ञ घेतील. माणूस सावरत असताना त्याच्या गोळ्या का सुटल्या, हे तू शोधायचंस. फाइलवर 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा असेल, त्यावर जाऊ नकोस. घरी जा. एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी मिळून महिन्याची फेरी परवडत नसेल. पेरणीच्या दिवसांत गोळीनं गुंगी येते म्हणून त्यानंच ती बंद केली असेल. किंवा बहिणीची सोयरीक ठरत असेल आणि पाहुण्यांना दिसू नये म्हणून आईनंच पाकीट दडवलं असेल. पहिल्यासाठी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात औषध मिळेल का ते बघ, दुसऱ्यासाठी मात्रेबद्दल डॉक्टरांशी बोल. तिसऱ्यासाठी त्या आईपाशी बस, आणि तेही चुलीजवळ. ओसरीवर पुरुष बोलतात. गोळ्या देणारी बाई आत असते.

विभागाची पाटी लावलेली गाडी दारापर्यंत नेऊ नकोस. पारापाशी उतर, आशाताईला सोबत घे आणि चालत जा. सरपंचांनी सहज विचारलं तरी आजाराचं नाव सांगायचं नाही (आणि लोक चहा पाजूनच विचारतात). 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे.

यवतमाळात एक प्रश्न तुला टाळता येणार नाही. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचार. विचारल्यानं नसलेला विचार मनात येत नाही. बहुतेकांना कोणीतरी विचारलं याचं बरंच वाटतं. उत्तर 'हो' आलं, तर फवारणीचं औषध कुठं ठेवता, हे लगेच विचार. तो अनावर क्षण पुष्कळदा थोड्या वेळात ओसरतो, तेवढा वेळ डबा हाताशी नसला तर माणूस वाचू शकतो. डबा कुलपात जाऊ दे, किल्ली दुसऱ्याकडे. जमलं तर डबाच शेजाऱ्याकडे. त्याला एकटं सोडू नका म्हणून घरच्यांना बजाव, त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोचव आणि टेली मानस हेल्पलाइनचा 14416 हा नंबर भिंतीवर लिहून ये. प्रयत्नातून वाचलेल्याच्या घरी पोलिसांची धास्ती असते. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानूनच चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, असं त्याच कायद्याचं कलम 115 सांगतं. ते त्यांना समजेल अशा भाषेत सांग.

दंडात भगताचा गंडा दिसला तर वाद घालू नकोस, गोळी चालू राहिली की झालं. रुग्णाला बांधलेली साखळी दिसली तर मात्र तडजोड नाही, तिला कायद्यानं बंदी आहे.

अपंगत्वाचं प्रमाणपत्र, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, ही कामं कारकुनी समजून पुढं ढकलू नकोस. कित्येक घरांत त्या पैशांमुळेच रुग्णाच्या शब्दाला पुन्हा मान मिळतो.

पहिल्या महिन्यात रजिस्टर कमी भरलं तरी चालेल, घरं जास्त बघ. आणि एखादी केस डोक्यातून जात नसेल तर नाव-गाव न सांगता मला रात्री फोन कर.

तुझी,
आत्या